चावणिसाची कवळी

कवळी बसवावी की नाही हा प्रश्न माणसाला साठीच्या पुढे पडावा, अशी जगाची एकंदर रीत आहे. चावणिसाला तो एकोणतिसाव्या वर्षी पडला, आणि तोही मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, बिस्किटाच्या कारखान्यात, चाचणीच्या टेबलाशी. त्याने तिसरं बिस्किट चावलं, कट्ट असा झकास आवाज आला, खुसखुशीतपणाच्या रकान्यात 'उत्तम' लिहायला त्याने पेन उचललं आणि मग त्याच्या लक्षात आलं की आवाज बिस्किटाचा नव्हता. बिस्किट चांगलं सादळलेलं होतं. मोडला होता तो वरचा पुढचा दात, आणि तो बिस्किटात उभा होता.

बिस्किटात परकी वस्तू सापडली तर लाल बटण दाबून सगळा पट्टा थांबवायचा, असा कारखान्याचा नियम आहे. दाताला परका म्हणावं का, यावर चावणिसाने दोन सेकंद अगदी प्रामाणिकपणे विचार केला. सातव्या वर्षापासून आपल्याच घरात राहिलेला इसम परका कसा? त्याने बिस्किटाला 'नापास' लिहिलं आणि दात खिशात टाकला.

त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, बाकी कुठेच नव्हतं. जसे चिटणीस, जसे फडणीस, तसा हा चावणीस. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातली पाच बिस्किटं त्याच्यापुढे येत. पुढच्या दातांनी एकदाच चावायचं, थांबायचं, ऐकायचं, तीनदा चघळायचं, स्टीलच्या भांड्यात थुंकायचं आणि निकाल लिहायचा. गिळायचं नाही. गिळणारा माणूस दुपारपर्यंत बिस्किटांना कंटाळतो आणि कंटाळलेल्या माणसाचा निकाल खरा नसतो, असं या खात्याचं शास्त्र होतं. चावलेलं बिस्किट पारदर्शक पिशवीत घालून, वर तारीख आणि चावणाऱ्याची सही घेऊन, सहा महिने नमुन्यांच्या कपाटात ठेवत. कोणी तक्रार केली, तर कोणाच्या दातांनी घोळ केला ते कळावं म्हणून.

चावणीस नोकरीला लागला त्या दिवशी घाबरून त्याने पहिलंच बिस्किट अख्खं गिळलं होतं. ठसका लागला, दोघांनी पाठीत गुद्दे घातले, तिसऱ्याने पाणी अंगावर सांडलं. ही गोष्ट कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला चहाच्या आधी सांगितली जाते. पण पुढच्या सहा वर्षांत त्याच्याइतका तयार चावा दुसऱ्या कुणाचा उरला नाही. अपवाद फक्त खात्याच्या मॅडमचा. मॅडम पन्नाशीच्या, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. त्यांनी नापास केलेलं बिस्किट ओलावा मोजायच्या यंत्रात घातलं तर यंत्रही मुकाट्याने नापास करायचं.

तर सहा वर्षं रोज शंभरेक बिस्किटं, त्यातली निम्मी साखरेची. मूळचे दातही कच्चेच. आता वर सात उरले होते, आणि महिनाअखेरीला वार्षिक परीक्षा होती. डोळ्यांवर पट्टी, पुढ्यात दहा बिस्किटं, कुठलं किती सादळलंय ते सांगायचं. नापास झालेल्याची बदली लेबल खात्यात. तिथली माणसं दिवसभर लेबल सरळ लागलंय की तिरकं एवढंच बघतात आणि घरी जाऊन भिंतीवरचे फोटो सरळ करत बसतात. चावणिसाला त्या खात्याची धडकी भरायची. या जगात त्याला एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली येत होती, आणि तीच हातची, म्हणजे तोंडची, जायची वेळ आली होती.

दातांची डॉक्टर त्याच्याच वयाची होती. तिने आरसा घालून सगळीकडे पाहिलं.

"सातातले चार नुसते पाहुणे आहेत," ती म्हणाली. "उरलेल्या तिघांच्या जिवावर काही उभं राहणार नाही. वरची पूर्ण कवळी करू. आधी तयार करून ठेवू, मग हे सात काढू आणि त्याच बैठकीत नवे बसवू. खालचे वाचतील."

तिने चाव्याचं माप घ्यायला मेणाची पट्टी त्याच्या तोंडात धरली आणि "चावा" म्हणाली. चावणिसाने सवयीने एकदा चावलं, थांबला, ऐकलं, तीनदा चघळलं, शेजारच्या भांड्यात थुंकला आणि म्हणाला, "ओलसर. नापास."

डॉक्टरने दुसरी पट्टी काढली.

"कवळीने बिस्किटाचा खुसखुशीतपणा कळेल का हो?" त्याने उठताना विचारलं.

"जेवता येईल. बोलता येईल. बिस्किटाची परीक्षा घेता येईल का, हे आम्हाला शिकवलेलं नाही. विचार करून सांगा."

विचार एकट्याने करायचा असं त्याने ठरवलं होतं. त्याने ही गोष्ट फक्त बायकोच्या कानात सांगितली, तीही स्वयंपाकघरात, नळ सोडून.

"दुखतंय ना? मग काढ," बायको म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला आणि तिने नळ बंद केला. नेमकं त्याच वेळी चावणीस म्हणत होता, "पण कवळी म्हटलं की," आणि बाहेर बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

बाबा एकसष्ट वर्षांचे. तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, सगळे स्वतःचे. ते अक्रोड दातांनी फोडत आणि पाहुण्यांपुढे जरा जास्तच फोडत.

"आमच्या घराण्यात कवळी?" बाबा दारात येऊन म्हणाले. "तुझे आजोबा गेले तेव्हा त्यांचे सगळे दात शाबूत होते."

"बाबा, ते पंचेचाळिसाव्या वर्षी गेले."

"म्हणून काय झालं? दात होते ना!"

बाबा दुखावले आणि दुखावलेले बाबा जिन्यात जाऊन बसतात. जिन्यात बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा काय झालं म्हणून विचारतोच. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळलं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण त्या आठवड्यात चावणिसाला अकरा जणांनी ऐकवली, आणि प्रत्येकाने ती आत्ताच सुचल्यासारखी. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. दाताला गुळण्या करायच्या असतील तर आधी दात लागतो, हे त्यांना पटलं नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना मात्र मनापासून आनंद झाला. त्यांनी त्याला घरात बोलावलं, दार लावलं, आपली कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि मोठ्या वात्सल्याने काहीतरी म्हणाले. कवळी चावणिसाच्या हातात असल्यामुळे काय म्हणाले ते कळलं नाही. पण सूर एकंदर मंडळात स्वागत असल्याचा होता.

शेवटी चावणिसाने मधला मार्ग काढला. कवळी करून तर घेऊ. बसवायची की नाही ते मग बघू. मध्यमवर्गीय माणूस मोठे निर्णय असेच घेतो, म्हणजे ते होऊन जाईपर्यंत घेत नाही.

डॉक्टरने त्याला कवळ्या बनवणाऱ्या कारागिराकडे पाठवलं. एका अरुंद जिन्याच्या शेवटी खोली, खोलीभर प्लास्टरची पांढरी धूळ आणि त्यात जाड चष्म्याचे, सत्तरी उलटलेले कारागीर. भिंतीवरच्या फळ्यांवर शंभरेक जबडे ओळीने मांडलेले.

"हिरडीचा साचा आला आहे," कारागीर म्हणाले. "पण पुढच्या दातांची मूळची ठेवण कशी होती? आता तर तिथे नुसते खुंट दिसतायत. मोकळं हसतानाचा जुना फोटो आणा."

चावणिसाने घरी येऊन लग्नाचा अल्बम काढला. दोनशे बारा फोटो. दोनशे बारा फोटोंत तो ओठ घट्ट मिटून उभा. बायको हसतेय, सासरे हसतायत, बाबा तर मागच्या रांगेतून बत्तिशी दाखवतायत, आणि नवरदेवाला जसं काही पोटात दुखतंय.

"मला तेव्हा वाटलं होतं, तुला मी पसंत नाही," बायको म्हणाली.

"मला माझे दात पसंत नव्हते."

"मग सांगायचं ना. चार वर्षं मी उगाच मनात कुढत बसले." ती हे हसत म्हणाली, पण चावणिसाला फार वाईट वाटलं. दातांपायी आपण कुणाकुणापुढे हसलो नाही, याचा हिशेब त्याने कधी केलाच नव्हता.

फोटो नाही, तर दुसरं काय? आणि मग त्याला ते आठवलं. नमुन्यांच्या कपाटात सगळ्यात खाली एक कप्पा होता. तिथे प्रत्येक चावणाऱ्याच्या पहिल्या दिवसाचं बिस्किट कायमचं जपून ठेवत. त्याच्या नावाची पिशवीही तिथे होती, सही त्याची, तारीख सहा वर्षांपूर्वीची. आत दुपदरी क्रीमचं बिस्किट, आणि क्रीममध्ये वरच्या सहा दातांचा ठसा असा स्वच्छ उमटलेला, जणू दात कालच येऊन गेले.

बिस्किट मिळालं, पण फाटकाबाहेर न्यायचं कसं? कारखान्यातून काहीही बाहेर न्यायचं तर स्टोअरकीपरचा गेटपास लागतो. स्टोअरकीपरने तीस वर्षांत एकही खिळा नोंदीशिवाय जाऊ दिला नव्हता. त्याने पिशवी उजेडात धरली.

"तयार मालात घालू का? पण माल चावलेला आहे."

"मग भंगार म्हणा."

"भंगार म्हणायला ते रीतसर नापास व्हायला हवं. यावर तर 'पास' लिहिलंय. सही तुमचीच."

"कच्चा माल?"

"भाजलेला?" स्टोअरकीपरने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की चावणीस ओशाळला. "उरला चौथा रकाना. यंत्रसामग्री. आता मला सांगा, ही वस्तू नेता कशासाठी?"

चावणिसाने इकडेतिकडे पाहून खरं ते सांगितलं. स्टोअरकीपरने पिशवी पुन्हा उजेडात धरली. मग एक कठीण कोडं सुटल्याच्या समाधानाने त्याने लिहिलं: 'चावा-यंत्राचा सुटा भाग, नग एक. दुरुस्तीसाठी बाहेर. परत येणार, दहा दिवसांत.' आणि शिक्का मारला.

कारागिरांनी बिस्किट भिंगाखाली धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा!" ते म्हणाले. "काय देखणी ठेवण आहे हो! मधल्या दोघांत केसाइतकी फट, बाजूचे किंचित आत. असे दात जन्मतः मिळत नाहीत सहसा. कोणीतरी मन लावून घडवल्यासारखे आहेत. आणि तुम्ही त्यांची अशी वाट लावलीत?"

चावणिसाने मान खाली घातली. आपले दात कधीकाळी इतके सुंदर होते याचा त्याला एकाच वेळी अभिमान आणि पश्चात्ताप झाला. आरशात ते कधी असे दिसल्याचं त्याला आठवेना, पण माणूस स्वतःकडे कधी नीट पाहत नाही, असं म्हणून त्याने मनाची समजूत काढली.

आठव्या दिवशी कवळी तयार झाली. कारागिरांनी ती निळ्या डबीत घालून दिली आणि बिस्किट पिशवीत परत दिलं. ते त्याने घरी चहाच्या कपाटात, मागच्या बाजूला ठेवलं. शुक्रवारी दुपारी डॉक्टरकडे वेळ ठरली होती. शुक्रवारी सकाळी तो कपाटात हात घालतो तर पिशवी रिकामी.

"ते होय?" बाबा चहा ओतता ओतता म्हणाले. "खाल्लं मी. जरा शिळं वाटलं."

"बाबा, ते सहा वर्षांपूर्वीचं होतं!"

"तरीच कडक लागलं. पण आमच्या दातांना काय त्याचं!" आणि बाबांनी खरोखरच कौतुकाने दात दाखवले.

मुदत त्याच दिवशी संपत होती. दहा वाजता स्टोअरकीपरचा कागद मॅडमच्या टेबलावर गेला आणि सव्वादहाला चावणिसाला बोलावणं आलं. त्याच्या खिशात निळी डबी होती, दुपारी दात काढायचे की पळून जायचं हे अजून ठरलं नव्हतं, आणि आता हे.

"यंत्राचा सुटा भाग," मॅडमनी कागद वाचला. "आपल्याकडे चावा-यंत्र कधी आलं?"

चावणिसाला दातखीळ बसली. सातच दात असले तरी ती बसते, हे त्याला त्या दिवशी कळलं. मग एकदा सुरुवात झाल्यावर मात्र त्याला थांबताच येईना. मोडलेला दात, खिशात लपवलेला दात, मेण, अल्बम, गेटपास, बाबा, सगळं त्याने सांगून टाकलं.

"आणि मॅडम, मला लेबल खात्यात जायचं नाही," शेवटी तो म्हणाला. "कवळी बसवली आणि चावा कळलाच नाही, तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही."

"बघू कवळी."

त्याने डबी उघडून पुढे ठेवली. मॅडमनी आत पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं. मग उठून खोलीचं दार लावलं.

"हे कोणाचे दात आहेत?"

"माझे. पहिल्या दिवसाच्या बिस्किटावरून केलेत."

"पहिल्या दिवशी तुमचं बिस्किट कुठे गेलं होतं?"

"पोटात," चावणीस म्हणाला. ही गोष्ट सगळ्या कारखान्याला माहीत होती.

"मग कपाटात कोणाचं होतं?"

चावणिसाने डबीतल्या दातांकडे पाहिलं.

"तुम्ही कोपऱ्यात ठसकत होतात," मॅडम म्हणाल्या. "नमुना तर ठेवायलाच हवा. म्हणून दुसरं बिस्किट मी चावलं आणि सही तुमची घेतली. तेव्हा तुम्ही कशावरही सही केली असती."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चावणिसाला झालं. वरिष्ठांचे दात विनापरवाना तयार करवून खिशात घेऊन फिरणारा कर्मचारी बहुधा पृथ्वीवर तो पहिलाच असावा.

"मॅडम, माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं की हे तुमचे दात आहेत."

आणि मॅडम हसल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच, तोंड भरून. मधल्या दोन दातांत केसाइतकी फट, बाजूचे किंचित आत.

"ते माझे तरी कुठे आहेत?" त्या म्हणाल्या आणि वरच्या दातांवर नखाने टकटक केलं. "अठरा वर्षं झाली. मी बत्तीस वर्षांची होते. जिन्याच्या टोकाला बसतात ना, जाड चष्म्याचे? त्यांच्याच हातचे."

चावणिसाला भिंगाखालचं बिस्किट आठवलं आणि कारागिरांचं ते 'वा!' आठवलं. म्हातारबोवा आपलंच काम पाहून खूश झाले होते.

"पण मग तुम्ही चावता कसं? म्हणजे, कळतं कसं?"

"पहिला महिना काही कळत नाही. तोंडात फर्निचर ठेवल्यासारखं वाटतं. रडूसुद्धा येतं, येऊ द्यायचं. मग एक दिवस टाळूवर आवाज ऐकू येतो. कवळीची पाटी टाळूला चिकटलेली असते, बिस्किट तिथे वाजतं. एकदा ते वाजायला लागलं की तुमच्यापासून काही लपत नाही."

"पण परीक्षा तर महिनाअखेरीला आहे."

"तोंडाला इजा झाली असल्यास परीक्षा तीन महिने पुढे जाते. नियम सतरा."

"हा नियम मी कधी वाचला नाही."

"कोणीच वाचलेला नाही. मी अर्ज करून करून घालून घेतला होता. अठरा वर्षांपूर्वी." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला आणि त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. "आता तो परक्या वस्तूचा फॉर्म भरा. दात बिस्किटात सापडला तो दिवस, वेळ, आकारमान. नियम म्हणजे नियम."

चावणिसाने भरला. 'परक्या वस्तूचा मालक सापडला का?' या रकान्यात त्याने 'होय' लिहिलं, आणि दुपारी स्वतःच्या पायांनी जाऊन डॉक्टरच्या खुर्चीत बसला.

पहिला महिना मॅडमनी सांगितल्याबरहुकूम गेला. रडूही आलं. वरच्या काकूंनी गुळण्या सांगितल्या. मास्तर रोज खाली थांबून एक शब्द बोलायला लावत आणि चुकलं की टाळ्या वाजवत. बाबांनी आठवडाभर अबोला धरला आणि मग एका दुपारी अक्रोड फोडून आतला गर त्याच्या बशीत ठेवला. पुढे ते रोजच ठेवू लागले. बायकोची तक्रार एवढीच होती: "छान दिसतोस रे, पण तू हसलास की तुझ्या मॅडमनी रजा नामंजूर केल्यासारखं वाटतं."

एक्केचाळिसाव्या दिवशी, चौथ्या बिस्किटाला, टाळूवर वाजलं. चावणीस थांबला. त्याने ऐकलं, तीनदा चघळलं, थुंकला आणि 'ओलसर. नापास' असं लिहिताना त्याचे डोळे भरून आले. पुढे ढकललेल्या परीक्षेत दहापैकी दहा.

सगळं झालं, पण गेटपास उघडाच होता. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर वही घेऊन चाचणीच्या टेबलाशी आला.

"चावा-यंत्राचा सुटा भाग," त्याने बोट ठेवून वाचलं. "दुरुस्तीला गेला, परत आल्याची नोंद नाही. तीस वर्षांत माझी एकही ओळ अशी उघडी राहिलेली नाही. कुठे आहे भाग?"

चावणिसाने हातातलं पेन खाली ठेवलं, मान वर केली आणि ओठ न मिटता, मोकळेपणी, शेवटच्या दाढेपर्यंत हसला.

स्टोअरकीपरने खिशातून चष्मा काढला. जवळ येऊन डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "नग एक?" त्याने विचारलं. चावणिसाने हसतच मान हलवली. मग स्टोअरकीपरने 'परत मिळाला' असा शिक्का मारला, 'स्थिती' या रकान्यापाशी क्षणभर थांबला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: नेला त्यापेक्षा बरी.